मीनू, राजीनामा देऊ नकोस

प्रिय मीनू,

रविवारी फोन कोणी आधी ठेवला ते जाऊ दे आता. फोनवर मला धड बोलता येत नाही, तू मधेच "हो गं आई, कळलं" म्हणतेस आणि माझं सांगायचं राहूनच जातं, म्हणून हे टाइप करत बसलेय. बाबा झोपलेत. बाहेर पाऊस धरलाय. हे ऑफिसात वाचू नकोस, घरी जाऊन नीट वाच.

पहिलं म्हणजे मला आनंद झालाय गं, खरंच झालाय. अमेरिकेच्या ग्रीन कार्ड लॉटरीत तुझं नाव लागलं हे मी मंगलमावशीला त्याच दिवशी सांगितलं, तू नको म्हणाली होतीस तरी. भारतात जन्मलेल्याला त्यात जागाच नाही, आपल्याकडून 5 वर्षांत 50,000 च्या वर माणसं तिकडे जातात म्हणून देशच बाद, पण ते पासपोर्ट बघत नाहीत, जन्म कुठला ते बघतात, आणि तुझा जन्म कुवेतचा. हे सगळं तू स्वतः वाचून शोधून काढलंस. संदीपरावांचं आणि ओवीचं नाव फॉर्ममध्ये पहिल्यापासून घातलंस, ते राहिलं असतं तर तिथेच बाद झाला असता फॉर्म. आपल्या वरच्या आळीतल्या एका पोराने याच लॉटरीसाठी एजंटला हजारो रुपये मोजले, जन्म रत्नागिरीचा, फॉर्म तेव्हा फुकटचा, आणि त्याला कोणी सांगितलंही नाही की तुझा चालणार नाही. तू तशी फसली नाहीस याचा मला फार अभिमान वाटतो.

पण राजीनाम्याचं तू जे म्हणालीस त्याने मला झोप नाही. आणि सिंहगड रोडचा फ्लॅट ब्रोकरकडे टाकलाय हे मला ओवीकडून कळावं?

अगं, नाव लागलं म्हणजे व्हिसा मिळाला नाही ना. तूच मला समजावलंस मे महिन्यात. वर्षाला व्हिसा जास्तीत जास्त 55,000, प्रत्यक्षात त्याहून कमीच, आणि नावं काढलीत घरच्या माणसांसकट सव्वा लाखाच्या वर. मुद्दाम जास्त काढतात कारण सगळे शेवटपर्यंत येत नाहीत. तुझा केस नंबर मोठा आहे, तिकडचं सरकार दर महिन्याला काढतं त्या व्हिसा बुलेटिनमध्ये आशियाचा आकडा थोडा थोडा पुढे सरकणार, तो तुझ्यापर्यंत पोचला तर इंटरव्ह्यू. नाही पोचला तर 30 सप्टेंबर 2025 ला सगळं संपलं, पुढच्या वर्षात काही जात नाही, परत पहिल्यापासून फॉर्म. आणि 2020 ला काय झालं ते विसरू नकोस, कोरोनात ट्रम्पने हुकूम काढला आणि नावं लागलेली माणसं वाट बघत राहिली, तारीख उलटून गेली, कोर्टात जायची वेळ आली. यंदा, 2024 च्या नोव्हेंबरात, तिकडे परत निवडणूक आहे. कोण येईल, काय करेल, कोणाच्या हातात आहे?

तू म्हणालीस, "आई, तुला सगळीकडे कुवेतच दिसतं." हो, दिसतं. तू सव्वा वर्षाची होतीस, तुला काय आठवणार. 2 ऑगस्ट 1990, गुरुवार होता. सालमियाच्या घरात मी तुझ्यासाठी खिमट टाकलं होतं, बाबा कामावर जायला निघालेले, आणि खालचे केरळचे अण्णा धावत वर आले की रस्त्यावर इराकचे रणगाडे आहेत, बाहेर पडू नका. आदल्या रात्री आम्ही फ्रिज घ्यायचा बोलत होतो गं. बाबांचे इतक्या वर्षांचे पैसे त्या बँकेत, आणि बघता बघता कुवेती दिनार इराकी दिनाराच्या भावाला आणून ठेवला, पुढे तर चालेनासाच झाला. दुकानात दुधाचे डबे मिळेनात. बाबा तासन्‌तास लाईन लावून खुबूस, म्हणजे तिथली रोटी, आणायचे. आपले परराष्ट्रमंत्री गुजराल बगदादला येऊन गेले तेव्हा कुठे वाटलं की आपल्याला कोणी विचारतंय.

बसने बसरा, बगदाद, मग जॉर्डनची हद्द, तिथे रुवेशदला वाळवंटात तंबू. दिवसा भट्टी आणि रात्री कुडकुडायचं. टँकर आला की मी तुला बाबांच्या खांद्यावर देऊन हंड्याला पळायचे. तुला जुलाब लागलेले. शेजारच्या तंबूतली एक पंजाबी बाई मीठ-साखर पाणी करून चमच्याने पाजत बसली रात्रभर, तिचं नावही मी विचारलं नाही. मग अम्मानहून एअर इंडियाचं विमान. असे पावणेदोन लाखांच्या आसपास लोक आणले त्यांनी, त्यातली आपण तिघं. मुंबईला उतरलो तेव्हा बाबांच्या खिशात होतं ते कोणी बदलूनसुद्धा देईना.

कुवेतहून निघताना घेतलेल्या पिशवीत काय होतं माहितीय? तुझे लंगोट, अर्धा दुधाचा डबा, आणि तुझा जन्मदाखला. बाबा म्हणाले होते कशाला तो कागद, पोरीचं नाव तुझ्या पासपोर्टवर आहे ना. मी तरी घेतला. अरबीतला, खाली निळा गोल शिक्का. चार घड्या घालून ठेवला होता त्यामुळे मधल्या घडीवर फाटलाय, तिथे चिकटपट्टी आहे आणि ती आता पिवळी पडलीय. पुढे युनोकडून भरपाई आली त्यातून आपण वरचा मजला चढवला, आणि 2021 च्या पुरात खालचं सगळं गेलं, नानांचे फोटोसुद्धा, पण कागदांची ट्रंक वर होती म्हणून हा राहिला. आज तोच कागद तुला अमेरिकेच्या दारापर्यंत घेऊन चाललाय. मी तुझ्या आड येत नाहीये मीनू. आड यायचं असतं तर दाखला सापडत नाही म्हणाले असते.

बघ, परत लेक्चर झालं. सॉरी. पस्तिशी झाली, आता नाही तर कधी, असं तू म्हणालीस ते मला पटलंय. बाबा तर शब्दाने काही बोलत नाहीत, पण परवा पंचांगाच्या मागे काहीतरी लिहीत होते, मी बघितलं तर तिघांची व्हिसा फी, माणशी 330 डॉलर, त्याचे रुपये काढत होते. मेडिकलचे वेगळे लिहिले होते. आमची एफडी सप्टेंबरात सुटते. तुला सांगणार नव्हते ते, मी सांगितलं म्हणू नकोस.

फक्त एवढं ऐक. व्हिसा पासपोर्टवर लागला की तिकडे पोचायला साधारण 6 महिन्यांपर्यंत वेळ मिळतो, हे मी भाचेसुनेकडून नीट वाचून घेतलंय. तुझा नोटीस पिरियड 3 महिन्यांचा. म्हणजे व्हिसा हातात आल्यावर राजीनामा दिलास तरी पुरतं, फ्लॅट तेव्हाही विकता येईल, नाहीतर भाड्याने दे, हप्ता तरी निघेल. संदीपरावांना धायरीचं शेड इतक्यात सोडू देऊ नकोस, त्या दोन मुलांचे पगार त्याच्यावर आहेत. ओवीच्या शाळेची फी भरून टाक. इंटरव्ह्यूची तारीख आली तर मी स्वतः येऊन तुझं घर आवरून देईन, भांडी बांधीन, रडणार नाही.

रडेन बहुतेक. ओवी इंग्रजीत बोलायला लागेल आणि मला तिचं निम्मं कळणार नाही, हे मनात येतं गं रात्री. पण ते माझं मी बघेन, त्याचा तुझ्या नोकरीशी काही संबंध नाही. नोकरी सोडू नकोस एवढंच.

शनिवारी बाबा सकाळच्या एसटीने येतायत, कुंभार्ली घाट चालू असला तर दुपारपर्यंत पोचतील. दाखला त्यांच्याकडे फाईलमध्ये असेल. लॅमिनेट करू नकोस, झेरॉक्सवाल्याकडे टाकून निघून येऊ नकोस, समोर उभी राहा. इंग्रजी भाषांतर अधिकृत माणसाकडूनच करून घे आणि नावाची स्पेलिंगं पासपोर्टशी ताडून बघ, बाबांच्या नावात एक अक्षर कमीजास्त आहे असं मला वाटतं. बाबांना उतरायला घ्यायला संदीपराव स्वारगेटला येतील का? बीपीची गोळी त्यांना रात्री आठवणीने दे. सोबत कोकम आगळ आणि ओवीला फणसपोळी पाठवतेय.

आणि एचआरला मेल गेलाय का ते आज रात्रीच कळव. गेला असेल तर उद्या सकाळी आधी साहेबांना भेट, मागे घेता येतो का विचार. मी जागीच आहे.

तुझी,
आई