पिवळे बेडूक विषारी नसतात, डबक्यात ऑइल ओतू नका

संपादक साहेब, नमस्कार.

मृगाचा पहिला दणक्यात पाऊस झाला की आमच्याकडं दरवर्षी व्हॉट्सॲपवर एक व्हिडिओ फिरतो, डबक्यात हळदीसारखे पिवळेधम्मक बेडूक आणि खाली मजकूर, 'सावधान, विषारी बेडूक आलेत'. यंदा गावातले लोक म्हणायलेत की हे बाहेरून आलेत, आपल्याकडचे नाहीत, आणि पोरांनी दगडं मारून काही मारले पण. म्हणून हे पत्र, जमलं तर छापा.

हे बेडूक आपलेच आहेत, वर्षभर मळकट हिरवे-तपकिरी दिसतात आणि उन्हाळाभर ओलीला, मातीत दडून राहतात म्हणून कुणाच्या लक्षात येत नाहीत. विणीच्या वेळी फक्त नर पिवळा होतो, गळ्याच्या दोन्ही बाजूला निळ्या पिशव्या फुगतात आणि रात्रभर ते जे डरांव डरांव चालतं ते मादीला बोलवायला. थोड्या दिवसांत रंग उतरतो, परत तोच मळकट बेडूक. विषाचं म्हणाल तर ते थोडंफार असतं त्या खरबरीत अंगाच्या, रात्री लाइटखाली किडे खायला येणाऱ्या भेकाच्या अंगात, डोळ्यामागच्या फुगीर गाठीतून पांढरा चीक येतो, डोळ्यात गेला तर चुरचुरतं. त्याला पण मारायची काही गरज नाही, हात धुतले की झालं.

आता खरा मुद्दा. डेंग्यू येईल म्हणून गावोगावी डबक्यात जळकं ऑइल ओततात, आमच्याकडं पण ओतलं. डेंग्यूचा डास घरातल्या साठवलेल्या पाण्यात, रांजणात, कूलरमध्ये, टायरमध्ये, टाकीत वाढतो, शेताच्या कडेच्या गढूळ डबक्यात नाही. म्हणजे डास राहिला घरात आणि ऑइल गेलं बेडकाच्या पिल्लांवर!

त्या डबक्यात काय चाललेलं असतं ते एकदा वाकून बघा. भेकाची अंडी चिकट लांब दोऱ्यात असतात, पाण्यातल्या गवताला गुंडाळलेली, काही बारक्या बेडकांची तर पाण्यावरच तरंगतात, म्हणजे ऑइलचा थर थेट त्यांच्यावरच. अंडी फुटून शेपटीवाले बेडूकमासे निघतात, ते कल्ल्यानं श्वास घेतात, बहुतेक जण शेवाळ खरवडून खातात म्हणून त्यांचं आतडं लांब, वेटोळं झालेलं असतं. या पिवळ्या बेडकाची पिल्लं मात्र मांसाहारी, दुसऱ्या पिल्लांना आणि कधी आपल्याच भावंडांना खातात. मग मागचे पाय फुटतात, नंतर पुढचे. शेपटी गळून पडते असं बऱ्याच जणांना वाटतं, पण ती गळत नाही, अंगातच जिरते, आणि त्या दिवसांत पिल्लू काही खात नाही कारण तोंड बदलत असतं, आतडं आखूड होत असतं, कल्ले जाऊन फुफ्फुसावर काम सुरू होत असतं. हे सगळं गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीच्या हार्मोनवर चालतं, माणसाला जे असतं तेच हार्मोन.

एवढं सगळं व्हायला डबक्यात काही आठवडे पाणी टिकावं लागतं. मराठवाड्यात जूनमध्ये पाऊस पडून मग जो खंड पडतो त्यात निम्मी डबकी आटतात आणि पिल्लं तिथंच वाळून जातात, शाळेच्या पुस्तकातलं बेडकाच्या जीवनचक्राचं ते गोल चित्र आमच्याकडं बऱ्याच वेळा पूर्णच होत नाही. त्यात ऑइल, त्यात बांधावरचं तणनाशक. बेडूक कातडीतून पाणी पितो आणि श्वास पण घेतो, म्हणून फवारा अंगावर आला की सरळ आत.

एके काळी आपल्याकडून बेडकाच्या तंगड्या परदेशात जायच्या, 1987 साली केंद्र सरकारनं ती निर्यात बंद केली. पिकावरचे किडे खाणारा हा प्राणी मारून तंगड्या विकण्यात फायदा नाही एवढं तेव्हा सरकारला कळलं होतं, आता गावाला कळायला काय हरकत आहे.

तुमच्या पेपरात मृगाच्या सुमाराला या पिवळ्या बेडकाचा एक मोठा फोटो छापा, खाली 'विषारी नाही' एवढंच लिहा. आणि ग्रामपंचायतींना विनंती की ऑइलचे डबे ठेवून द्या, आठवड्यातून एकदा घरातली भांडी, कूलर रिकामे करून घासायची दवंडी द्या, आणि मंदिरामागं जुने टायर पडलेत ते आधी उचला.

आपला नियमित वाचक,
जि. परभणी