संशोधनामागची यंत्रशाळा

मा. संपादक महोदय,

वैद्यकीय प्रतिमातंत्रातील संशोधनाच्या बातम्यांत शास्त्रज्ञ असतात, यंत्राची किंमतही असते; पण ज्या इलेक्ट्रॉनिक्स प्रयोगशाळेत आणि यंत्रशाळेत त्या यंत्राचे भाग घडतात, त्यांचा उल्लेख क्वचितच असतो. अशा यंत्रशाळेत वर्षानुवर्षे लेथ चालवलेला माणूस म्हणून मी हे लिहीत आहे.

सीटी स्कॅनचा पाया घालणाऱ्या अ‍ॅलन कॉर्मॅक यांचा 1957 चा प्रयोग पाहावा. लाकडी कड्यात बसवलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या जॉबमधून (यंत्रशाळेत कातलेल्या गोल भागातून) त्यांनी गॅमा किरण सोडले, तेव्हा मधोमध शोषणाचे आकडे किंचित वेगळे आले. चौकशीअंती कळले की, तो जॉब करताना यंत्रशाळेने मध्यभागी जराशी कमी किरण शोषणारी खुंटी बसवली होती. कॉर्मॅक यांना ठाऊकही नसलेली खुंटी त्यांच्या गणिताने शोधून काढली होती. प्रत्यक्ष सीटी स्कॅनर बनवणारे अभियंते गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांचा पहिला प्रायोगिक स्कॅनरही लेथच्या बेडवरच उभा राहिला. या दोघांना 1979 चे नोबेल विभागून मिळाले.

एमआरआयच्या कॉइलचे, म्हणजे शरीरातले रेडिओ संकेत टिपणाऱ्या वेटोळ्याचे, काम याहून नाजूक. 3 टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचे एकक) यंत्रात ती सुमारे 128 मेगाहर्ट्झ कंप्रतेला जुळवावी लागते, आणि तीही मिठाच्या पाण्याचा फँटम, म्हणजे शरीराऐवजी वापरायचा नमुना, आत ठेवून, कारण शरीर जवळ आले की जुळणी सरकते. आमचे इलेक्ट्रॉनिक्सचे सहकारी प्लास्टिकच्या पेचकसाने ट्रिमर (जुळणी बदलणारा छोटा घटक) केसभर फिरवत आणि पडद्यावरची रेघ हव्या त्या जागी खाली येईपर्यंत कोणी बोलत नसे. एकदा मी स्टेनलेस स्टीलचा स्क्रू दिला. कापताना तो किंचित चुंबकीय झाला होता आणि चित्रात नेमका तिथे काळा डाग उमटला. त्यानंतर प्रत्येक भाग दोऱ्याला टांगून, चुंबक जवळ नेऊन पाहिल्याशिवाय मी पुढे दिला नाही.

आता कारागीर निवृत्त झाला की त्याची जागा रिकामी राहते आणि काम बाहेरून करून घेतले जाते. बाहेरचा कारखाना ड्रॉइंगप्रमाणे चोख काम देईलही, पण संशोधनात ड्रॉइंग तीन-चार चाचण्यांनंतरच पक्के होते, आणि त्या दरम्यान लेथजवळ उभे राहून झालेले बोलणे कोणत्याही ऑर्डरमध्ये लिहिता येत नाही. म्हणून संशोधन प्रकल्पांच्या अनुदानात या कारागिरांच्या वेतनाची स्वतंत्र तरतूद असावी, शोधनिबंधांत त्यांची नावे यावीत, आणि नव्या यंत्राची बातमी देताना आपल्या वार्ताहरांनी ते कोणी घडवले हेही विचारावे, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त यंत्रकारागीर