रंकाळ्याजवळच्या त्या दोघांचे मनापासून आभार

गेल्या आठवड्यात संध्याकाळी रंकाळ्यावर असताना माझ्या भाच्याचं पोट अचानक दुखायला लागलं. आधी बेंबीभोवती, मग उलटी, आणि थोड्या वेळात दुखणं उजवीकडे खाली सरकलं. भेळ बाधली असेल असं सगळेच म्हणत होते. जवळच्या मेडिकलमध्ये पोट साफ व्हायचं औषध मागितलं, तर काउंटरवरच्या दादांनी द्यायला साफ नकार दिला. बाहेर येऊन त्याला नीट बघितलं आणि म्हणाले, "ताई, ही अपेंडिक्सची कळ असू शकते. जुलाबाच्या औषधानं ते फुटायची भीती असते. काही खायला-प्यायला देऊ नका, थेट दवाखाना गाठा." दुकानात गिऱ्हाईक खोळंबलं होतं, तरी त्यांनी स्वतः रिक्षा थांबवून दिली.

रिक्षावाल्या मामांचं तर काय सांगू! गाडीला हिसका बसला की पोरगं कळवळत होतं. ते लक्षात येताच मामा प्रत्येक स्पीडब्रेकरला गाडी जवळजवळ थांबवून हळूच चाक चढवायचे. मागं वळून "झालं बाळा, आता सपाट रस्ता हाय" म्हणायचे. दवाखान्यात त्याला धरून आत नेलं, आणि मी पैसे काढेपर्यंत निघूनही गेले.

अपेंडिक्सच निघालं. रात्रीच ऑपरेशन झालं, ते फुटायच्या आत. पोरगं आता घरी आहे, भात-आमटी खातंय. दादा, मामा, तुमची नावं विचारायची राहिली. कुणी त्यांना ओळखत असेल तर एवढा निरोप नक्की पोचवा.