बाबांच्या ऑपरेशनच्या दिवशी मी ऐरोलीत असेन

ती. आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर सांगायला गेले की माझा आवाज कापतो आणि आई लगेच ‘बरं बरं, ठेव आता’ म्हणते, म्हणून लिहितेय. येत्या शनिवारी बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, आणि मी चिपळूणला नसेन. निनादला घेऊन ऐरोलीला, रोहित पक्षी बघायला, खाडीत बोटीने जाणार आहे. त्याच्या शाळेतली आणखी चार मुलं आणि त्यांचे आई-वडील बरोबर आहेत. ठरलंय, पैसेही भरलेत.

तारीख बदलायचा प्रयत्न केला नाही असं कृपा करून समजू नका. बाबा, उधाणाची मोठी भरती आणि भांगाची छोटी भरती मला तुम्हीच शिकवलीत. ठाण्याच्या खाडीत ओहोटीला नुसता चिखल उघडा पडतो, बोट चालते ती भरतीवर, आणि भरती रोज पन्नासेक मिनिटांनी पुढे सरकते. ऊन चढायच्या आत पाणी मिळेल आणि शाळेलाही सुट्टी असेल, असा हाच शनिवार. तसा पुढचा पंधरा दिवसांनी, आणि तेव्हा त्या मुलांमधल्या स्वराच्या पायाचं ऑपरेशन आहे. मग तिला प्लास्टर, तोवर पावसाळा येईल आणि पक्षी निघून जातील. तिची व्हीलचेअर जेट्टीपर्यंत जाईल, बोटीत मात्र तिला दोघांनी उचलून घ्यावं लागेल. त्या दोघांतली एक मी आहे. मी नाही म्हटलं असतं तर तिची आईही गप्प घरी राहिली असती.

आई, निनादला घेऊन तरीच्या बोटीत बसलो होतो, तो दिवस मी विसरलेले नाही. तुझा हात महिनाभर काळानिळा होता आणि तू सगळ्यांना ‘दार लागलं’ म्हणून सांगत होतीस. पण निनाद तेव्हा पाच वर्षांचा होता आणि पुढे काय होणार हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मीही नाही. आता फ्रीजवर फोटोंची पट्टी लावलीय: गाडी, गेट, जॅकेट, बोट, पक्षी, घर. रोज रात्री तो त्यावरून बोट फिरवतो. लाइफ जॅकेटचे पट्टे सहन व्हावेत म्हणून त्याला दप्तर उलटं, छातीवर घालून बसवते. सुरुवातीला 10 सेकंदांत ओरबाडून काढायचा, आता आमटीभात संपेपर्यंत राहतं. इंजिनाच्या आवाजासाठी कानावरचे मोठे हेडफोन आहेत. आणि त्याला नाहीच जमलं, तर आम्ही दोघं काठावरच थांबणार आहोत, तेही ठरलंय.

मागच्या महिन्यात नुसती जागा दाखवायला नेलं होतं. तिथे तिवरांमधून लाकडी वाट आहे. खाली चिखलातून तिवरांची श्वासमुळं पेन्सिलींसारखी वर आलेली. त्यातून एक निवटी, चिखलातली ती छोटी मासोळी, टुण्णकन उडाली, थांबली, पुन्हा उडाली. निनादने माझं बोट धरलं आणि तिच्याकडे नेलं. आई, त्याला काहीतरी हवं असतं तेव्हा तो माझा हात ओढतो. मला काहीतरी दाखवायला त्याने पहिल्यांदाच हात धरला. नऊ वर्षांत पहिल्यांदा. पाऊण तास आम्ही तिथेच उकिडवे बसलो होतो. म्हणून जातेय. दुसरं काही कारण नाही.

बाबा, तुम्ही विचारालच म्हणून: ते रोहित पक्ष्यांचं अभयारण्य 2015 साली जाहीर झालं आणि 2022 मध्ये ठाणे खाडी जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आली. रोहित चोच उलटी धरून चिखलपाणी गाळतात आणि त्या खाण्यातूनच त्यांना गुलाबी रंग येतो. पिल्लं राखाडी असतात. गुहागरला तुम्ही मला खांद्यावर घेऊन बगळे मोजायला लावायचात, आणि मी चुकले तरी ‘बरोबर’ म्हणायचात. तसंच मोजणार आहे त्याच्याबरोबर.

शनिवारी दादा तुमच्याजवळ आहे. साखर तपासल्याशिवाय घरातून निघायचं नाही. बीपीच्या गोळीचं डॉक्टरांना आजच विचारा. थेंबांच्या बाटल्यांवर आईने वेळा ठळक लिहाव्यात, आणि हात धुतल्याशिवाय बाटलीला हात लावायचा नाही. डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही. वाकून नारळ उचलायचे नाहीत, बाबा, एकही नाही! जेवण खुर्चीवर. आई, तू रात्रभर जागत बसू नकोस, दादाला उठव. मऊ भाताला तूप घाल, त्यांना कोरडा घशाखाली उतरत नाही. हे मी तुला काय सांगतेय!

शनिवारी रात्रीच्या तुतारी एक्सप्रेसचं तिकीट काढलंय, दोघांचं. रविवारी सकाळी पट्टी काढायला डॉक्टरांकडे जाल ना, तेवढं आम्ही पोहोचेपर्यंत थांबा. मला बाबांच्या समोर उभं राहायचंय. निनाद फोटोंची पट्टी घेऊन येईल, तिच्यात शेवटी तुमच्या घराचा फोटो मी कालच चिकटवलाय.

तुमची,
बबी