गिअरबॉक्स उतरवण्याआधी

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. ट्रकमध्ये ६.० लिटरचं इंजिन बसलं, सुरूही झालं. पण ‘डी’मध्ये टाकल्यावर गाडी जागची हलताना जड वाटते, रिव्हर्स धाडकन लागतो आणि वेग वाढला तरी गिअर बदलल्याचं जाणवत नाही, म्हणून तू गिअरबॉक्स खाली घ्यायच्या विचारात आहेस. अजून घेऊ नकोस. जुनं इंजिन असताना हाच बॉक्स ठीक चालत होता, असं तूच लिहिलं आहेस. गाडी उभी असताना आतल्या क्लच प्लेटा जळत नाहीत. बदललंय ते बॉक्सच्या भोवतालचं: वायरिंग, अर्थिंग, कॉम्प्युटरला मिळणारे सिग्नल आणि कन्व्हर्टरची (इंजिनचा जोर ऑइलमार्फत बॉक्सला पोचवणाऱ्या भांड्याची) बैठक. इंजिन किती जोर लावतंय आणि गाडी किती वेगात आहे, हे कळलं तरच ऑटोमॅटिक बॉक्स नीट वागतो. इंजिन बदलताना नेमकी तीच खबर तुटते.

तुझी लक्षणं वाचून मला पहिला संशय येतो तो बॉक्सला वीजच मिळत नसल्याचा. तुझ्या बॉक्समध्ये, म्हणजे जीएमच्या चार गिअरच्या ४एल६०ई मध्ये, ए आणि बी अशी दोन शिफ्ट सोलेनॉइड (गिअर बदलणारे, विजेवर चालणारे व्हॉल्व्ह) असतात. पहिल्या गिअरमध्ये दोन्ही चालू, दुसऱ्यात फक्त बी, तिसऱ्यात दोन्ही बंद, चौथ्यात फक्त ए. म्हणजे वीज गेली की बॉक्स तिसऱ्यात जाऊन बसतो. तिसऱ्यावर गाडी उचलायची म्हटल्यावर ती जड वाटणारच, आणि गिअर बदलल्याचंही कळणार नाही. ऑइलचा दाब सांभाळणाऱ्या सोलेनॉइडचं काम उलटं आहे: त्याला करंट मिळाला नाही की दाब कमाल होतो, प्लेटा घसरून जळू नयेत म्हणून. रिव्हर्सचा धक्का त्यातूनच येत असावा. तुझी तिन्ही लक्षणं या एकाच कारणात बसतात. (तुझा बॉक्स ४एल८०ई हा दुसरा प्रकार असता, तर तो दुसऱ्यात अडकला असता.)

तेव्हा सुरुवात इथून कर. बॉक्सच्या उजव्या अंगाला २० पिनांचा गोल कनेक्टर आहे, तो काढ. किल्ली ऑन, इंजिन बंद. हार्नेसच्या (वायरांच्या जुडग्याच्या) बाजूला ई पिनवर, म्हणजे गुलाबी वायरवर, बॅटरीइतके व्होल्ट आले पाहिजेत. पण नुसत्या मल्टिमीटरवर विसंबू नकोस. वायरचा एकच तार धड राहिला असला तरी मीटर १२ व्होल्ट दाखवतो, कारण मीटर करंट जवळजवळ ओढतच नाही. टेस्ट बल्ब लाव. तो लख्ख पेटला तर वायर चांगली, मिणमिणला तर कुठेतरी जोड कच्चा आहे किंवा पिन गंजली आहे. इंजिन बदलताना ही वायर हमखास सुटते, कारण ती गाडीच्या फ्यूज बॉक्समधून येते आणि नव्या इंजिनाबरोबर आलेल्या हार्नेसमध्ये तिचं टोक मोकळंच असतं. तिला किल्ली ऑन असताना आणि स्टार्टर फिरत असतानाही चालू राहणारा पुरवठा हवा, स्वतंत्र फ्यूजमधून.

वीज येत असेल, तर बॉक्सच्या बाजूच्या पिना मोज. बॉक्स थंड असताना ई आणि ए, तसंच ई आणि बी यांच्यात साधारण २० ते ३० ओहम यायला हवेत. सी आणि डी यांच्यात, म्हणजे दाबाच्या सोलेनॉइडला, साधारण ३.५ ते ४.६ ओहम. हे आकडे बरोबर आले, तर सोलेनॉइडच्या गुंडाळ्या आणि आतली वायरिंग शाबूत आहे असं धर आणि बाहेरच शोध.

अर्थिंगकडे फार जण दुर्लक्ष करतात. इंजिनच्या हेडमागचे कॉम्प्युटरचे अर्थ, ब्लॉकपासून चासीपर्यंतची पट्टी आणि बॅटरीची मायनस केबल, तिन्ही ठिकाणी रंग खरवडून चकचकीत धातूवर बोल्ट आवळ. मग इंजिन चालू, हेडलाइट चालू, आणि मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं कॉम्प्युटरच्या अर्थला. ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थ कच्चा आहे.

त्यानंतर स्कॅनर लावून चालत्या गाडीचे आकडे बघ. नुसते कोड वाचून थांबू नकोस. अॅक्सिलरेटर सोडल्यावर थ्रॉटल ० टक्के आणि पूर्ण दाबल्यावर १०० च्या जवळ, मध्ये कुठे उडी नको. लिव्हर प्रत्येक खाच्यात टाकताना स्क्रीनवर तोच गिअर दिसायला हवा. ऑइलचं तापमान उणे ४० दाखवत असेल, तर त्या सेन्सरची वायर तुटलेली आहे. गाडीचा वेग शून्यच राहत असेल, तर कॉम्प्युटरच्या लेखी गाडी उभी आहे, मग तो वरचा गिअर कशासाठी देईल? ब्रेक स्विचही बघ. ब्रेक दाबल्यावर कन्व्हर्टरचं लॉक, म्हणजे इंजिन आणि बॉक्स थेट जोडणारा क्लच, सुटायला हवं. ती वायर जोडली नसेल, तर कधी लॉक लागतच नाही, कधी गाडी थांबताना इंजिन बंद पडतं.

यातलं सगळं जुळलं आणि तरीही बॉक्स तिसऱ्या-चौथ्यात घसरतो आहे, असं दिसलं तर कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम तपासून घे. ऑइलचा दाब किती ठेवायचा, हे तो इंजिनच्या अंदाजे टॉर्कवरून ठरवतो. लहान इंजिनाचा प्रोग्रॅम मोठ्या इंजिनाला चालवला, की टॉर्क कमी धरला जातो, दाब अपुरा पडतो आणि तिसऱ्या-चौथ्या गिअरच्या (३-४ च्या) क्लच प्लेटा आधी जातात. टायरचा आकार आणि मागच्या डिफरन्शियलचा रेशोही खरा भरून घे, नाहीतर गिअर भलत्याच वेगाला बदलतील.

आता कन्व्हर्टर. वीज नीट असली तरी हे मात्र तू डोळ्यांनी बघायलाच हवंस, कारण इथली चूक पंप फोडते. कन्व्हर्टर बॉक्समध्ये ढकलताना त्याला तीन ठिकाणी बसावं लागतं: आधी इनपुट शाफ्टच्या दातांत, मग स्टेटरच्या दातांत, शेवटी पंपाच्या रोटरमध्ये. हातानं फिरवत, किंचित वर-खाली हलवत ढकललं, की प्रत्येक वेळी तो ‘टक’ करून आत सरकतो. तिसरा टक झाला नसेल, तर बेल हाउसिंग (बॉक्सचं पुढचं घंटेसारखं आवरण) ब्लॉकला टेकतच नाही, फट राहते. त्या वेळी बोल्ट आवळून फट मिटवली, की पंपाचा आतला रोटर फुटतो. म्हणून नियम असा धर: बेल हाउसिंग हातानं दाबून दोन्ही डॉवेलवर (ब्लॉकवरच्या जुळणीच्या खुंट्यांवर) पूर्ण बसलं पाहिजे, बोल्ट फक्त धरून ठेवायला आहेत. डॉवेल हरवली असतील तर नवी घाल. त्यांच्याविना बॉक्सचा मध्य सरकतो, पुढचं सील गळतं आणि फ्लेक्सप्लेटला (क्रँक आणि कन्व्हर्टर यांना जोडणाऱ्या पातळ चकतीला) तडे जातात.

बेल हाउसिंग आवळल्यावर कन्व्हर्टर मोकळेपणी फिरला पाहिजे. तो पूर्ण मागे ढकलून फ्लेक्सप्लेट आणि त्याच्या बोल्टच्या कानांमधली फट फीलर गेजनं किंवा ड्रिलच्या बिटनं मोज. ३ ते ५ मिलिमीटर हवी. फट नसेलच, तर कन्व्हर्टर पंपावर आणि इंजिनच्या थ्रस्ट बेअरिंगवर दाबला जातो. फार जास्त असेल, तर कन्व्हर्टर पुढे ओढल्यावर पंपाच्या रोटरमधली त्याची पकड अपुरी राहते. तुझं इंजिन ६.० लिटरचं आहे म्हणून सांगतो: १९९९ आणि २००० सालच्या काही ६.० इंजिनांत क्रँकची मागची फ्लँज नंतरच्यांपेक्षा सुमारे १० मिलिमीटर लांब आहे. म्हणजे नंतरच्या इंजिनाची फुगीर फ्लेक्सप्लेट त्यावर लावली, तर फट नाहीशी होईल. इंजिनचं साल आणि फ्लेक्सप्लेटचा आकार दोन्ही नीट बघ.

ऑइलचं थोडक्यात लिहितो. कन्व्हर्टर बसवण्याआधी त्यात लिटरभर ऑइल ओतायला हवं होतं, तसं केलं नसशील तर आता ऑइल घालत-घालत सुरू कर. पातळी सपाट जागेवर, ‘पी’मध्ये, इंजिन चालू ठेवून, ऑइल गरम असताना बघ. डिपस्टिक आणि तिची नळी याच बॉक्सची असावी, दुसऱ्याची लावलीस तर पातळी खोटी दाखवेल. पांढऱ्या कागदावर एक थेंब टाक. लाल आणि स्वच्छ असेल तर काळजी नाही. तपकिरी आणि जळका वास असेल, तर प्लेटा घासल्या आहेत. गुलाबी, दुधासारखं असेल तर रेडिएटरमधल्या कूलरमधून पाणी आत गेलंय. कूलरची परतीची नळी बरणीत सोडून इंजिन चालव: २० सेकंदांत सुमारे एक लिटर यायला हवं, कमी आलं तर कूलर किंवा नळी तुंबली आहे.

एवढं करूनही फरक पडला नाही, तरच दाबाचं गेज लाव, ३०० पीएसआयपर्यंतचं, कारण रिव्हर्समध्ये दाब फार चढतो. दाब मॅन्युअलप्रमाणे आला आणि तरी प्लेटा घसरल्या, तर बॉक्स उघडायला माझी हरकत नाही. तोवर त्यात माल भरून चालवू नकोस.

ई पिनवरचा बल्ब कसा पेटला आणि कन्व्हर्टरची फट किती निघाली, हे दोन आकडे मला लगेच कळव. पुढचं त्यावरून ठरवू.

तुझा
मित्र

ता. क. तुझ्या दुसऱ्या ट्रकमध्ये ७००आर४ हा कॉम्प्युटर नसलेला जुना बॉक्स आहे म्हणालास. त्याचं इंजिन बदलशील तेव्हा थ्रॉटलपासून बॉक्सपर्यंत जाणारी टीव्ही (थ्रॉटल व्हॉल्व्ह) केबल सर्वांत आधी जुळव. अॅक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर केबलही पूर्ण ओढलेली असली पाहिजे. त्या बॉक्समध्ये दाब याच केबलवर ठरतो. ती सैल ठेवून थोडं अंतर जरी गाडी चालवलीस, तरी ३-४ च्या प्लेटा जळतील. केबल जोडल्याशिवाय गाडी हलवूसुद्धा नकोस.