अंदमानच्या जेटीवर बाटल्या मोजतात, तशी माणसेही मोजा : नायब राज्यपालांना खुले पत्र

प्रति,
माननीय नायब राज्यपाल,
अंदमान व निकोबार बेटे, श्री विजयपुरम.

विषय : पर्यटक बोटींवरील प्रवासीसंख्या आणि बेटांवरील गर्दी यांवर मर्यादा घालण्याबाबत.

सन्माननीय महोदय,

सादर नमस्कार. गेल्या हिवाळ्यात सत्तरी ओलांडलेली माझी आई आणि आठ वर्षांचा भाचा यांना घेऊन मी अंदमानला आले होते. मराठी घरातून अंदमानला निघालेला माणूस आधी सेल्युलर जेलमध्ये सावरकरांच्या कोठडीसमोर जाऊन उभा राहतो. आम्हीही तेच केले. त्यानंतरचे पाच दिवस मात्र आम्ही बहुतांशी बोटींवरच होतो. या पाच दिवसांत एका ठिकाणी मला तुमच्या प्रशासनाचा मनापासून अभिमान वाटला आणि दुसऱ्या ठिकाणी जीव मुठीत धरून बसावे लागले. ही दोन्ही ठिकाणे एकाच प्रशासनाच्या हाताखालची आहेत, म्हणूनच हे पत्र कोणत्याही एका खात्याला न लिहिता आपणांस लिहीत आहे. याचा हिंदी अनुवाद आपल्या कार्यालयाकडे स्वतंत्रपणे पाठवीत आहे.

आधी अभिमानाविषयी लिहिते. १९८३ साली स्थापन झालेल्या महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानातील जॉली बॉय बेटावर जाण्यासाठी आम्ही सकाळी वंडूरच्या जेटीवर पोहोचलो. तिथे कर्मचाऱ्यांनी आमच्या पिशव्या उघडून पाहिल्या, बिस्किटांचे पुडे बाजूला काढले, पाण्याच्या बाटल्या मोजल्या, तो आकडा कागदावर लिहिला आणि अनामत रक्कम घेतली. परत आल्यावर बाटल्या पुन्हा मोजल्या, तेव्हाच अनामत हाती आली. आमच्या रांगेतल्या एका गृहस्थांची एक बाटली कमी भरली, तर त्यांना बोटीवर जाऊन बाकाखाली शोधावी लागली, आणि ती सापडेपर्यंत कुणीही त्यांची सुटका केली नाही. कुणी आवाज चढवला नाही, कुणी वशिला लावला नाही. बेटावर मी मुद्दाम पाहिले, वाळूत प्लॅस्टिकचा कपटाही दिसला नाही. हे बेट आणि रेड स्किन बेट वर्षातून आळीपाळीने खुले ठेवण्याची पद्धतही तुमच्याकडे रुळलेली आहे. समुद्राला विसावा द्यावा लागतो, हे तुमच्या वन खात्याला कुणी शिकवण्याची गरज नाही.

दुसऱ्याच दिवशी आम्ही आणखी एका बेटाकडे निघालो. त्या जेटीचे आणि बोट चालवणाऱ्यांचे नाव लिहीत नाही, कारण माझी तक्रार एका माणसाविषयी नसून पद्धतीविषयी आहे. तिथे बाटल्या कुणी मोजल्या नाहीत आणि माणसेही मोजली नाहीत. दलालाने तिकिटे हातात दिली, ‘चला, चला’ म्हणत सगळ्यांना बोटीत उतरवले, बाक भरल्यावर उरलेल्यांना इंजिनाच्या पेटाऱ्यावर आणि कडेच्या फळीवर बसवले. बोटीवर किती माणसांची परवानगी आहे, ते कुठे लिहिले आहे का, हे मी शोधले. आकडा होता, पण रंगाचे पोपडे उडून त्यातला पहिला अंक दिसेनासा झाला होता.

भाच्याला जे लाइफ जॅकेट दिले, ते मोठ्या माणसाचे होते. त्याचे मधले बकल तुटलेले होते आणि खलाशाने पट्ट्यांची सुतळीसारखी गाठ मारून दिली. भाच्याने समोरचे बेट दाखवायला दोन्ही हात वर केले, तसे ते जॅकेट त्याच्या कानांपर्यंत सरकले आणि त्याचे तोंड आत झाकले गेले. पाण्यात पडल्यावर नेमके हेच होते, मूल खाली जाते आणि जॅकेट वर तरंगते. मी उरलेला सगळा प्रवास त्याच्या जॅकेटचा पट्टा मुठीत धरून बसले होते. लहान मुलाच्या जॅकेटला दोन पायांमधून जाणारा पट्टा लागतो, तो याचसाठी. सबंध बोटीवर तसे एकही जॅकेट नव्हते.

महोदय, ही भीती माझ्या मनाची नाही. २६ जानेवारी २०१४ रोजी, प्रजासत्ताक दिनी, श्री विजयपुरमच्या (तेव्हाच्या पोर्ट ब्लेअरच्या) समोरच्याच समुद्रात पर्यटकांची बोट उलटली आणि २१ जणांचा जीव गेला. त्या बोटीवर परवानगीपेक्षा कितीतरी अधिक माणसे चढवलेली होती. सहल म्हणून निघालेली कुटुंबेच्या कुटुंबे त्यात होती. आमच्या मुंबईतही १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली. धडक नौदलाच्या बोटीची होती, पण प्रवासी बोटीवर क्षमतेहून अधिक माणसे होती आणि अनेकांच्या अंगात जॅकेट नव्हते, हेही त्या वेळी पुढे आले. त्यानंतर गेटवेवर जॅकेटची सक्ती झाली. सक्ती दुर्घटनेनंतर येते, हा अनुभव आम्ही आमच्या किनाऱ्यावर घेतलेला आहे. तुमच्याकडे तो २०१४ सालीच येऊन गेला.

बोटीवर दहा-पंधरा माणसे जास्त बसली तर काय होते, हे किनाऱ्यावरचा कोणताही तांडेल सांगेल. बोट पाण्यात खोल बसते, काठ आणि लाट यांतले अंतर हातभर उरते. माणसे उंचावर किंवा कडेला बसली की बोटीचा तोल वर सरकतो. अशा वेळी कुणी ‘डॉल्फिन, डॉल्फिन’ म्हणून ओरडले आणि सगळे एका बाजूला धावले, तर बोट कलंडायला वादळाची गरज लागत नाही. आमच्या बोटीवर कुणी तसे ओरडले नाही, एवढेच आमचे नशीब.

ही गर्दी का होते, याचाही मी थोडा विचार केला. अंदमान देशाच्या पूर्वेला असले तरी घड्याळ मुख्य भूमीचेच आहे. डिसेंबरात तिथे साडेपाच-पावणेसहाला सूर्य उगवतो आणि पाचच्या सुमारास मावळतो. पण हॉटेलांचा नाश्ता, टॅक्सी आणि तिकीट खिडक्या हे सगळे आपल्याकडच्या सवयीने चालते, त्यामुळे बहुतेक बोटी नऊच्या आसपास एकदम निघतात आणि अंधाराच्या धास्तीने दुपारी तीन-चारला एकदम परततात. शेवटच्या फेरीला मागे राहिलेल्यांना कुठल्यातरी बोटीत कोंबावेच लागते. पहिली बोट सकाळी साडेसहाला सुटली आणि पुढच्या बोटी ठरावीक अंतराने सुटल्या, तर त्याच बोटींत तेवढीच माणसे कितीतरी सुखाने जातील. तेव्हा समुद्रही बहुधा शांत असतो आणि ऊनही कोवळे असते. लहान मुले आणि म्हातारी माणसे बरोबर असणाऱ्यांना याचे मोल कळेल.

आता बेटांविषयी. बोटीवरची गर्दी माणसांच्या जिवावर उठते आणि तीच गर्दी पाण्याखाली प्रवाळाच्या जिवावर उठते. त्या दुसऱ्या बेटापाशी आमच्यासह अनेक बोटी उथळ पाण्यात शिरल्या आणि प्रत्येकीने आपापला नांगर टाकला. मी मास्क लावून पाण्यात उतरले, तेव्हा आमच्याच नांगराचा एक दात सांबरशिंगासारख्या प्रवाळाच्या झुडपात अडकलेला दिसला. लाटेबरोबर दोर ताणला जाई आणि दर वेळी एखादी फांदी मोडून खाली पडे. मोडलेली जागा खडूसारखी पांढरीशुभ्र होती. शेजारी बोटभर लांबीचे निळे मासे त्याच झुडपात आत-बाहेर करीत होते. ओहोटी लागली होती, पाणी कमरेएवढे उरले होते आणि दमलेले पर्यटक विसाव्यासाठी पाय टेकत होते ते थेट प्रवाळावरच. त्यांना दोष द्यावा असे मला वाटत नाही. पायाखाली दगड नसून जीव आहे, हे त्यांना बोटीत बसण्यापूर्वी कुणीच सांगितलेले नव्हते.

फांद्यांचे प्रवाळ वर्षाला काही सेंटिमीटर, फार तर वीतभरापर्यंत वाढते. गोल, भरीव प्रवाळ वर्षाला जेमतेम एक सेंटिमीटर. म्हणजे माझ्या भाच्याच्या उंचीचा भरीव प्रवाळ तयार व्हायला शंभराहून अधिक वर्षे लागतात. त्यात समुद्र तापतो आहे. पाणी दीर्घकाळ नेहमीपेक्षा गरम राहिले की प्रवाळ आपल्या पेशींतले शैवाल बाहेर टाकते आणि पांढरे पडते. ते शैवालच त्याला अन्न पुरवत असल्याने पुढे उपासमार होते. १९९८, २०१० आणि २०१६ या वर्षी अंदमानच्या प्रवाळाने हे सोसले आहे. समुद्राचे तापमान आपल्या हातात नाही, हे मला समजते. पण आजारातून उठू पाहणाऱ्या प्रवाळावर नांगर पडू न देणे हे पूर्णपणे आपल्या हातात आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत प्रवाळाचा २००१ सालीच समावेश झाला, म्हणजे कायद्याने ते वाघाच्या पंक्तीला बसले. किनाऱ्यावरचा प्रवाळाचा मेलेला तुकडा कुणी आठवण म्हणून पिशवीत घातला, तर विमानतळावर त्याला अडवतात आणि ते योग्यच आहे. मग जिवंत प्रवाळ मोडणाऱ्या नांगरालाही कुणीतरी अडवायला हवे.

याच अंदमान समुद्राच्या पलीकडच्या किनाऱ्यावर थायलंडची फी फी बेटे आहेत. तिथल्या माया बे या छोट्याशा उपसागरात एके काळी दिवसाला हजारो माणसे बोटींतून उतरत. प्रवाळाचे नुकसान एवढे झाले, की २०१८ च्या जूनमध्ये थायलंड सरकारने तो उपसागर बंद केला आणि २०२२ च्या जानेवारीपर्यंत उघडला नाही. त्या काळात तिथे हाताने प्रवाळाची लागवड केली गेली आणि काळ्या टोकाच्या परांचे लहान शार्क उथळ पाण्यात परत आले. आता बोटींना त्या उपसागरात प्रवेशच नाही. बोटी बेटाच्या मागच्या बाजूला थांबतात, तिथून माणसे चालत येतात, एका वेळी किती जण असावेत याला मर्यादा आहे आणि दरवर्षी काही आठवडे तो पुन्हा बंद असतो. उत्तरेकडची सिमिलन बेटे तर दरवर्षी मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पूर्ण बंद असतात. पर्यटनावर अंदमानपेक्षा कितीतरी अधिक पोट असलेल्या देशाने हे केले आणि तिथले पर्यटन बुडाले नाही. माझी कळकळ एवढीच आहे, की आपल्यावर साडेतीन वर्षे काही बंद करण्याची वेळ येण्याआधीच आपण आकडा ठरवावा.

म्हणून माझी पहिली आणि सर्वांत आग्रहाची विनंती ही, की वंडूरला बाटल्या मोजण्यासाठी जी वही ठेवता, तशीच वही प्रत्येक पर्यटक जेटीवर माणसांसाठी ठेवावी. चढताना नाव आणि वय लिहावे, परतताना खूण करावी, आणि वही बोट चालवणाऱ्याच्या हाती न ठेवता प्रशासनाच्या कर्मचाऱ्याकडे असावी. बोटीची क्षमता हातभर उंचीच्या अंकांत, हिंदी, इंग्रजी, तमिळ आणि बंगालीत, दोन्ही अंगांना रंगवलेली असावी, म्हणजे पंचविसाच्या बोटीत सव्विसावा चढताना इतर पंचवीस जण स्वतःच त्याला थांबवतील. मुलांच्या मापाची जॅकेटे नसतील, तर त्या बोटीवर मुलांना घेऊ नये. असे झाल्यास पालक चिडतील, मीही चिडले असते, पण त्या दिवशी मला तसे कुणी अडवायला हवे होते.

दुसरी विनंती बोयांची, म्हणजे बोटीचा दोर बांधायच्या तरंगत्या पिंपांची आहे. प्रवाळाच्या प्रत्येक गर्दीच्या जागी तळाशी पक्के बांधलेले बोये सोडावेत, बोटींनी त्यांनाच दोर लावावा आणि नांगर टाकण्यास मनाई असावी. बोये जितके, तितक्याच बोटी एका वेळी तिथे थांबतील, आणि बेटाची मर्यादा आपोआप पाळली जाईल. हे बोये बसवण्याचे आणि दुरुस्त ठेवण्याचे काम तिथल्याच खलाशांना रोजावर द्यावे. आमच्या बोटीच्या तांडेलाला नांगर कुठे पडतो ते चांगले ठाऊक होते. त्याला विचारले, तर तो म्हणाला, “मॅडम, दोर बांधायला जागा द्या, नांगर कोण टाकतंय?” या माणसांची कमाई फेऱ्यांवर ठरते, म्हणून ते घाई करतात. मर्यादा घालताना त्यांची फेरी जाणार असेल, तर त्या फेरीचे भाडे वाढवून द्यावे. आमच्यासारख्या पर्यटकांनी विमानाला हजारो रुपये मोजलेले असतात; बोटीला थोडे अधिक द्यायला आम्ही तयार आहोत, आणि जे नसतील त्यांना ते पटवून द्यावे लागेल.

हवामानाविषयीही दोन शब्द. डिसेंबर २०१६ मध्ये वादळामुळे हॅवलॉक आणि नील (आताच्या स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप) या बेटांवर हजाराहून अधिक पर्यटक अडकले होते आणि नौदलाने त्यांना बाहेर काढले. तेव्हा बेटांवर इंटरनेट नावालाच होते. ऑगस्ट २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालून केबल आली आणि ती अडचण बरीच दूर झाली. आता कोणत्या बेटावर आज किती जागा शिल्लक आहेत, कोणती फेरी हवामानामुळे रद्द झाली आहे, हे आदल्या संध्याकाळी फोनवर कळायला हरकत नसावी. जेटीवर पोहोचल्यावर दलालाकडून कळते, तेव्हा माणूस मिळेल त्या बोटीत बसतो.

पुढच्या मोसमाची गर्दी नोव्हेंबरात सुरू होईल. त्याआधी निदान एका जेटीवर माणसांची वही सुरू व्हावी आणि निदान एका बेटाभोवती बोये पडावेत, एवढी मुदत मी नम्रपणे मागते. भाचा पुन्हा येण्याचा हट्ट धरून बसला आहे. त्याला पाण्याखालचे ते निळे मासे पुन्हा बघायचे आहेत. कोणत्या जेटीपासून आणि कोणत्या तारखेपासून हे सुरू होईल, ते आपल्या कार्यालयाने कळवावे, म्हणजे आम्ही त्याच जेटीवरून तिकीट काढू.

कळावे,

आपली नम्र,
अंदमानला येऊन गेलेली एक मराठी पर्यटक