बेल्ट फक्त ड्रायव्हरला, पोर मांडीवर

संपादक साहेब,
परवा पाम बीच रोडला सिग्नलला थांबलो होतो, बाजूच्या गाडीत तीनेक वर्षांचं पोरगं सनरूफमधून अर्धं बाहेर, आई खालून पाय धरून बसलेली आणि बाबा मात्र बेल्ट लावून, दंड त्यालाच होतो ना! 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम 194 ब आलंय, 14 वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा चाइल्ड सीट नसेल तर 1000 रुपये दंड, पण तो कोणाला झालेला मी तरी ऐकला नाही.

दुसऱ्याला काय बोलायचं म्हणा, सून सीट घेऊ म्हणाली तेव्हा मीच बोललो होतो, कशाला एवढे पैसे, मी घेतो की मांडीवर. मग एकदा घोडबंदरला रिक्षा आडवी आली, ब्रेक लागला आणि नात हातातून सुटून पुढच्या सीटवर आपटली, स्पीड जेमतेम तीस असेल, ओठ फुटला. दुसऱ्याच दिवशी सीट आणली, मागेच बसवली, कारण पुढे एअरबॅग उघडली की लहान पोराला तिचाच मार बसतो.

आता पहिली दहा मिनिटं रडते, माजिवड्यापर्यंत झोपलेली असते.

एक आजोबा, कासारवडवली, ठाणे